सेंट अँड्र्यूजची सोडत

ताईने एका वाक्यात विषय संपवला होता. "साठी उलटली, आता समुद्राकाठचं खरं गोल्फ एकदा तरी खेळायचंय. तू बघ काय ते." त्या 'तू बघ काय ते'मध्ये माझे पुढचे पाच महिने गेले.

वडील लष्करात होते म्हणून आम्ही दोघं हा खेळ शिकलो, नाही तर आमच्या घरात गोल्फ शिरायचं काही कारण नव्हतं. माझा हँडिकॅप, म्हणजे फेरीमागे मिळणारी फटक्यांची सूट, १९, ताईचा २७; आकडा जेवढा मोठा तेवढा खेळ कच्चा. म्हणजे दोघंही खेळतो बरे, पण कुणी थांबून बघावं असे नाही. खरं गोल्फ म्हणजे कुठलं हे ताईला विचारायची गरजच नव्हती. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज आणि तिथला ओल्ड कोर्स. शेत आणि समुद्र यांच्या मधल्या, पिकाला निरुपयोगी अशा वाळूच्या उंचसखल पट्ट्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. झाड नाही, आडोसा नाही, वर बारीक गवत आणि खाली वाळू. हा खेळ अशाच जमिनींवर वाढला.

माझी समजूत अशी होती, की ओल्ड कोर्सवर पाऊल ठेवायला एखादा सभासद तरी ओळखीचा लागत असणार. आपल्याकडे सगळ्या जुन्या क्लबांचं तसंच असतं. निघालं भलतंच. ती जागा कुठल्याच क्लबच्या मालकीची नाही. पहिल्या टीच्या, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेच्या, मागे फोटोंमध्ये जी दगडी इमारत दिसते ती रॉयल अँड एन्शंट क्लबची. इमारत त्यांची, मैदान गावाचं. १५५२ मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला तिथे ससे पाळायचे होते. तसा लेख करताना त्याने गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा हक्कही मान्य केला. सशांनी पुढे पिच्छा सोडला नाही. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या गावाने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकली आणि गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं भांडण वीसेक वर्षं चाललं. १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने जागा विकत घेतली तेव्हा कुठे खेळ वाचला. आज ब्रिटिश संसदेच्या कायद्याने १९७४ मध्ये झालेला एक ट्रस्ट ओल्ड कोर्स आणि आजूबाजूचे सहा कोर्स सांभाळतो.

हे वाचून मला फार बरं वाटलं. गावकीची जागा, कुणीही यावं, खेळावं. मग लक्षात आलं, की कुणीही यावं म्हटल्यावर जगातले सगळेच येतात.

ओल्ड कोर्सवर खेळायचे ढोबळ चार मार्ग आहेत. पहिला सरळ: आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या अखेरीला अर्ज सुरू होतात तेव्हा करायचा. आम्ही ठरवलं जानेवारीत, म्हणजे हा मार्ग त्या वर्षापुरता बंद. दुसरा पैशाचा: ट्रस्टने नेमलेल्या काही प्रवास-संस्था हॉटेल, इतर कोर्स आणि ओल्ड कोर्सची पक्की वेळ असा सगळा गठ्ठा विकतात. एका संस्थेकडून दरपत्रक मागवलं. आकडा बघून ताई म्हणाली, "यात आपण दोनदा जाऊन येऊ." दोनदा ही अतिशयोक्ती होती, दीड वेळा मात्र नक्की गेलो असतो. ज्यांच्याकडे वेळ कमी आणि पैसा बरा आहे त्यांनी खुशाल हा मार्ग धरावा, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. नुसत्या एका फेरीचं शुल्कच २०२५ च्या उन्हाळी हंगामात ३४० पौंड होतं, म्हणजे आपले चाळीस हजारांच्या आसपास. एवढे मोजायचेच आहेत, तर वेळ पक्की असावी असं कुणालाही वाटेल.

तिसरा मार्ग सोडतीचा. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत नाव द्यायचं. किमान दोघं, जास्तीत जास्त चौघं. संध्याकाळपर्यंत निकाल. म्हाडाच्या सोडतीत नातेवाइकांचे निकाल बघण्याचा मला अनुभव आहे, त्यामुळे 'नाव येईलच' अशा भ्रमात मी नव्हतो. चौथा मार्ग एकट्या खेळाडूंचा. दोघांच्या किंवा तिघांच्या गटात रिकामी जागा असेल तर एकट्याला तिथे घुसवतात. पूर्वी यासाठी लोक मध्यरात्रीपासून ओल्ड पॅव्हिलियनच्या दाराशी रांग लावून कुडकुडत बसायचे. २०२४ पासून ती रांग बंद झाली. आता आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत स्वतः जाऊन नाव नोंदवायचं आणि निकाल फोनवर. रांगेतली ती रात्र हुकली याची मला थोडी हळहळ वाटली. ताईला अजिबात नाही.

आम्ही तिसरा आणि चौथा मार्ग धरला. म्हणजे सहलीचा मुख्य कार्यक्रम सोडून बाकी सगळं मी आखणार होतो.

मी नोकरीत आयुष्यभर वेळापत्रकं आखली आहेत, त्यामुळे एक तक्ता केलाच. त्यातली सगळ्यात मोठी आडकाठी रविवार. ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. ओपनसारखी मोठी स्पर्धा असेल तरच अपवाद. गोल्फ खेळणाऱ्याला विसावा नको असला तरी जमिनीला हवा, असं ओल्ड टॉम मॉरिस म्हणायचा असं सांगतात. १८६५ पासून जवळजवळ चाळीस वर्षं तो तिथली हिरवळ सांभाळत होता. त्यामुळे शनिवार-रविवार धरून छोटी सहल काढणारा फसतो. आम्ही शनिवारी पोचून शुक्रवारी निघायचं ठरवलं. सोमवारची सोडत शनिवारी, मंगळवारची रविवारी, असं करत गुरुवारपर्यंत चार सोडती मिळत होत्या, आणि हरलो तर त्या त्या दिवसाच्या एकट्यांच्या यादीत दोघांची दोन नावं. ताईने तक्ता बघितला, चष्मा काढला आणि म्हणाली, "म्हणजे रोज हरायची सोय दोनदा केली आहेस."

महिना मेचा धरला, शेवटचा आठवडा. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे खेळाच्या वेळा जास्त आणि त्यात आपला नंबर लागायची शक्यताही तेवढीच जास्त. हिवाळ्यात शुल्क बरंच उतरतं, पण तेव्हा फेअरवेवरचा, म्हणजे टी आणि भोक यांच्या मधल्या कापलेल्या गवतावरचा, चेंडू सोबत दिलेल्या छोट्या चटईवर ठेवून मारावा लागतो. एवढ्या लांब जाऊन चटईवरून खेळायचं मनाला पटेना. मेमध्ये एक धोका असतो तो धुक्याचा. गरम हवा थंड उत्तर समुद्रावरून सरकली की किनाऱ्यावर गारढोण धुकं चढतं. त्याचं तिथल्या बोलीतलं नाव 'हार'. सोडतीवर विसंबून निघालेल्या माणसाला हा शब्द फारसा शुभ वाटत नाही.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, त्यामुळे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हात बांधलेले. खरी अडचण मात्र वेगळीच होती. येण्याचं कारण काय, तर गोल्फ. कुठे खेळणार, तर जिथली वेळ मिळेल की नाही ठाऊक नाही तिथे. असं कुठल्या अर्जात लिहिणार? म्हणून इतर कोर्सच्या वेळा आधी पक्क्या केल्या. सोमवारी क्रेल, मंगळवारी ओल्ड कोर्सच्या शेजारचा न्यू कोर्स, गुरुवारी इली. हे नाइलाजाने केलं आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. न्यू कोर्सचं 'न्यू' फसवं आहे, तो १८९५ चा. क्रेलची गोल्फ सोसायटी १७८६ ची. इलीत पहिल्या टीसमोर टेकाड आहे, पुढचे खेळाडू दिसत नाहीत, म्हणून स्टार्टरच्या, म्हणजे खेळाडूंना पाळीने सोडणाऱ्या माणसाच्या, खोलीत एका जुन्या पाणबुडीची पेरिस्कोप बसवली आहे. ती सांगेल तेव्हा मारायचं. ताईने इलीचं नाव फक्त पेरिस्कोपसाठी यादीत घातलं.

हँडिकॅपचं प्रमाणपत्र हवंच. ओल्ड कोर्सची कमाल मर्यादा ३६, स्त्रीपुरुष दोघांना. ताईने प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढल्या, एक माझ्या पाकिटात, "तुझं तू हरवशील, माझं तरी राहील" असं म्हणत.

मग सराव. आमची जमीन मऊ, ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पाणी प्यायलेलं. आम्ही वेज नावाच्या काठीने चेंडू उंच उडवतो, तो पडतो तिथेच रुततो. लिंक्सवर तसं चालत नाही. खाली वाळू असल्याने पाणी झिरपून जातं, जमीन टणक राहते, उंच चेंडू वारा पळवतो आणि पडला तरी उसळून पलीकडे जातो. तिथे चेंडू जमिनीवरून सरपटत न्यायचा असतो. दोन महिने आम्ही पहाटे ग्रीनच्या बाहेरून, तीस-तीस यार्डांवरून पटरने, म्हणजे एरवी ग्रीनवरच वापरायच्या काठीने, चेंडू ढकलत होतो. आमच्या कोर्सवरचा कॅडी पहिल्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, "साहेब, वेज हरवली काय?"

चालायचाही सराव लागतो, हे मी आवर्जून सांगेन. तिथे गाडीत बसून फेरी मारायची सोय नाही. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. वर ओल्ड कोर्सवर अठरा होल, म्हणजे टीपासून भोकापर्यंतचे अठरा टप्पे, ३ तास ५७ मिनिटांत संपवावेत अशी अपेक्षा असते. आमच्या ग्रुपला चहा धरून पाच तास लागतात.

शनिवारी एडिनबराच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यासमोर उभं राहून मी पहिल्या सोडतीचा अर्ज भरला. दोन वाजायला पाऊण तास होता. अर्ज गेला. ताईची गोल्फ बॅग आली. माझी आली नाही. पट्टा थांबला तरी मी दोन-चार मिनिटं तिथेच उभा होतो. विमान कंपनीच्या खिडकीवर कागद भरून दिला, तिथल्या बाईने सोमवारपर्यंत मिळेल असं गोड आवाजात सांगितलं. (मंगळवारी रात्री मिळाली.) माझा धडा एवढाच, की बूट आणि पावसाळी जाकीट गोल्फ बॅगेत कधीही टाकू नये. काठ्या भाड्याने मिळतात, आपल्या पायाला सरावलेले बूट मिळत नाहीत. माझे बूट त्या बॅगेत होते.

सेंट अँड्र्यूजला रेल्वे जात नाही. ल्यूकर्स स्थानकावर उतरून पुढे बस. बसमध्ये असतानाच निकाल आला. नाव नव्हतं.

रविवारी मात्र जे मिळालं ते तक्त्यात कुठेच नव्हतं. कोर्स बंद म्हणजे खेळ बंद, लोकांना मोकळा. आजोबा कुत्री घेऊन फिरत होते, पोरं बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, उड्या मारत होती, एक बाई बाबागाडी ढकलत अठराव्या फेअरवेवरून गावात चालली होती. ज्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी ३४० पौंड मोजून लोक श्वास रोखून उभे राहणार, तिथे आज कुणी पाव खात बसलं होतं. ताई म्हणाली, "हे आपल्या पर्वतीसारखं आहे. ज्यांचं आहे त्यांना त्याचं काही नाही."

आम्ही सगळा कोर्स चालत पाहिला, पहिल्यापासून अठराव्यापर्यंत, आणि हे ज्यांना खेळायला मिळणार आहे त्यांनीही करावं. फोटोत मैदान सपाट दिसतं. प्रत्यक्षात ते न इस्त्री केलेल्या चादरीसारखं आहे, दोन पावलं सपाट मिळत नाहीत. बंकर ११२ आहेत, आणि टीवरून त्यातले निम्मे दिसतच नाहीत. वाऱ्यापासून बचाव करायला मेंढ्या जिथे बसायच्या तिथे जमीन झिजून हे खड्डे झाले असं म्हणतात. चौदाव्यावरच्या 'हेल' बंकरमध्ये मी उतरलो तर पलीकडचं काही दिसेना, नुसतं आभाळ. १९९५ च्या ओपनमध्ये जॅक निक्लॉससारख्या दिग्गजाला या खड्ड्यातून निघायला चार फटके लागले होते. तिथे मला एकदम हुरूप आला. निक्लॉसला चार, तर आपल्याला सात लागले तरी लाज कसली?

ग्रीनचं गणित ताईने शोधलं. जातानाचे आणि येतानाचे होल एकच ग्रीन वाटून घेतात, अशी सात जोडग्रीन आहेत. प्रत्येक जोडीच्या क्रमांकांची बेरीज अठरा. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं. पूर्वी इथे बावीस होलची फेरी होती, १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र करून ती अठरावर आणली, आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. ताई गणिताची शिक्षिका. ओल्ड कोर्सवर तिला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही बेरीज आहे, हे ती आजही सांगते.

सतराव्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. पहिला फटका हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून मारायचा, पलीकडचं काही दिसत नाही. ग्रीन अरुंद, त्याच्या मागे खराखुरा रस्ता आणि दगडी भिंत, पुढे पोटात ओढून घेणारा रोड बंकर. १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाचा चेंडू व्यवस्थित ग्रीनवर होता. त्याने पट केला, तो उतारावरून घरंगळत या बंकरमध्ये गेला आणि तो होल त्याला नऊ फटक्यांचा पडला. ताई बंकरच्या काठावर वाकून बघत होती. "पटरने बंकरमध्ये?" तिने दोनदा विचारलं. मग स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर सगळे काढतात तसा फोटो काढला. पूल इतका छोटा आहे, की पोटरीएवढ्या नाल्यावरची साकवच म्हणावी. मेंढपाळांसाठी बांधलेली, सातशे वर्षांपूर्वीची.

त्या दिवशीच्या सोडतीतही नाव नव्हतं.

क्रेलला सोमवारी भाड्याच्या काठ्या आणि गावात घेतलेले नवे बूट. पहिल्या टीवरून खाली समुद्र दिसतो. वारा असा, की माझी टोपी माझ्या चेंडूपेक्षा लांब गेली. सरपटत खेळायचा सराव मात्र फळाला आला आणि चार होल तरी आम्ही तिथलेच असल्यासारखे खेळलो. तिथून बसने परत येऊन पाचला दहा कमी असताना ओल्ड पॅव्हिलियनमध्ये पोचलो, एकट्यांच्या यादीत दोघांची नावं घातली. बुधवारच्या सोडतीचा निकाल, नाही. मंगळवारच्या एकट्यांचा निकाल, नाही, नाही. या वेळेपर्यंत मी फोन ताईकडे देऊन टाकला होता.

मंगळवारी न्यू कोर्स. खेळ म्हणून बघाल तर मला तो फार आवडला. वळणं जास्त, झुडपं अंगावर येणारी, आणि ओल्ड कोर्सची जमीन अगदी शेजारी. शेजारून खेळत जाणाऱ्या गटांकडे बघत मी सतराव्यावर दोन चेंडू झुडपांत घातले. परत येऊन पुन्हा यादीत नावं. गुरुवारच्या सोडतीचा निकाल आला, नाही. म्हणजे चारपैकी चार गेल्या.

जेवताना ताईचा फोन वाजला. तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवला. बुधवारी दुपारी, दोन माणसांच्या गटात, ताईचं नाव. मग माझा वाजला. माझं नव्हतं.

ताई म्हणाली, "मी नाही जात. दोघांचं ठरलं होतं."

"ताई, वेड लागलंय का? दोन महिने पटर कुणी ढकललं?"

"तू तक्ता केलास."

"तक्ता खेळायला जाणार नाही. तू जा."

रात्री माझी बॅग आली. तिच्यातलं बरं जाकीट ताईने घेतलं.

बुधवारी पहिल्या टीवर वडील-मुलगा अशी जोडी होती, दोघंही मितभाषी. स्टार्टरने ताईचं प्रमाणपत्र बघितलं, ती जास्तीची प्रत माझ्याच पाकिटातून निघाली, तिची बॅगेत कुठेतरी खोल होती. मी ग्रॅनी क्लार्क्स वाइंडवर जाऊन उभा राहिलो. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून समुद्राकडे जाणारा तो सार्वजनिक रस्ता आहे. खेळाडू मारत असतील तेव्हा लोक थांबतात, मग ओलांडतात. ताईचा पहिला फटका जमिनीलगत गेला, दीडशे यार्ड असेल, पण सरळ. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध टीवरून सरळ मारला यापुढे कोण काय विचारतं? ती मागे वळून बघणार नाही हे मला माहीत होतं. तिने बघितलं नाही.

मधल्या वेळात मी गुरुवारच्या यादीत नाव घालून आलो. (तेही लागलं नाही. गुरुवारी इलीची पेरिस्कोप बघितली.) कॅथेड्रलच्या पडक्या आवारात ओल्ड टॉम आणि त्याच्या मुलाच्या कबरी बघितल्या. मग अठराव्याच्या कडेच्या कुंपणाला टेकून उभा राहिलो. तिथे रोज कुणी ना कुणी उभं असतंच, येणाऱ्या प्रत्येक गटाकडे बघत. माझ्या शेजारी गावातले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, बहिणीची. त्यांनी मान डोलावली आणि पुलाकडे तोंड करून तेही थांबले.

धुकं समुद्रावरून वर येत होतं तेव्हा ते तिघं सतराव्याच्या ग्रीनपाशी दिसले. मग बराच वेळ कुणी पुढे सरकेना. मग पूल. ताई पुलावर थांबली नाही, फोटो रविवारीच झाला होता. अठराव्याच्या ग्रीनसमोरच्या खळग्यातून, ज्याला व्हॅली ऑफ सिन म्हणतात, तिने पटर काढला आणि पस्तीसेक यार्डांवरून चेंडू ढकलला. तो चढला, वळला, भोकापासून चार फुटांवर थांबला. शेजारचे आजोबा टाळ्या वाजवायला लागले, म्हणून मीही वाजवल्या. चार फुटांचा पट तिने चुकवला.

बाहेर येऊन तिने कार्ड माझ्या हातात दिलं आणि सतराव्या होलच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"बघ," ती म्हणाली. "नऊ. नाकाजिमाएवढेच."

"बंकर?"

"बंकरच. आणि पटरनेच गेला."